सोळाव्या चौकटीतला एक तास

१

गुरुवार, १५ मे, सकाळचे सात चाळीस. स्कॉटलंडमधल्या डंडीत नदीकाठच्या हार्बर लेन गॅलरीत उना इस्बिस्टर सोळाव्या चौकटीसमोर थांबली आणि म्हणाली, "हे माझं नाही."

दालनात आणखी तिघं होती. गॅलरीचा संचालक फिनले कारगिल, उनाचा भाचा मॅग्नस, आणि ग्रीर लम्सडेन. ग्रीरचं काम कागदावरच्या चित्रांची निगा आणि डागडुजी. त्या आठवड्यात तिने भिंतीवरची प्रत्येक चौकट हाताने तपासली होती.

"कुठलं तुझं नाही, आत्या?" मॅग्नसने विचारलं.

"हे. सोळावं."

प्रदर्शन शुक्रवारी संध्याकाळी सहाला उघडायचं होतं. उनाची तीस वर्षांची कारकीर्द एकाच भिंतीवर होती: एकतीस चित्रं, वर्षाला एक. दर तेरा जूनला ती ऑर्कनी बेटांवर, स्ट्रोमनेसला, होड्या पाण्यात उतरवायच्या दगडी उतारावर कागद घेऊन बसायची. ओहोटी तळाला लागली की पहिली रेघ. मग पूर्ण भरती होईपर्यंत दर दहा मिनिटांनी, पाण्याची कड जिथे असेल तिथे एक रेघ. एवढंच. या रेघांसाठी दूरदूरच्या संग्रहालयांनी तिच्या दारात रांगा लावल्या होत्या. १९९४ पासून तिने एकही वर्ष चुकवलं नव्हतं. आणि तिचा एक नियम होता: पुरं झालेलं चित्र ती पुन्हा बघत नसे. बहुतेक चित्रं ती आज पहिल्यांदाच परत पाहत होती.

"कशावरून, उना?" ग्रीरने विचारलं.

"बाविसावी रेघ." बहात्तर वर्षांच्या बाईचं बोट काचेपासून इंचभर दूर थांबलं. "त्या दिवशी फेरीबोट आली, लाट उठली, माझा हात मनगटापर्यंत भिजला. रेघ उडाली. इथे उडालेली दिसते खरी, पण हात कोरडा आहे."

कारगिल हसला. "वा! कॅटलॉग बाहेर पडल्यापासून हेच चाललंय. फाइफचा एकजण लिहितो, माझ्याकडे इस्बिस्टरचं चित्र आहे, आणि फोटो धाडतो चहाच्या ट्रेचा. नॉर्वेतल्या बर्गनची एक बाई लिहिते, तुमची यादी चुकलीय. आता खुद्द इस्बिस्टरबाईच म्हणतात, माझं नाही!"

उना हसली नाही. मॅग्नसने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या डोक्यावरून ग्रीरकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ ग्रीरला कळला आणि आवडला नाही.

२

चित्र रात्रीत बदललं असेल तर चौकट उघडलेली असणार. ग्रीरने सोळावी चौकट उतरवून टेबलावर पालथी घातली.

मागची पट्टी जुनी, पिवळी पडलेली होती. चौकट बनवणारा एडिनबरोचा म्हातारा वारून दहा वर्षं झाली होती. त्याची एक सवय होती: पट्टी चिकटवली की तो तिच्यावर आडवी सही करी, अर्धी पट्टीवर आणि अर्धी पुठ्ठ्यावर. सही अखंड होती. खाली तारीख होती: २ जुलै २००९. सोळा वर्षांत ही चौकट कोणी उघडलेली नव्हती.

"झालं समाधान?" कारगिल म्हणाला. "चोरी नाही, अदलाबदल नाही. ग्रीर, मला वाईट वाटतं, पण तिने काल मला दोनदा फ्रेझर म्हटलं."

"मलाही एकदा फिलिप म्हणाली होती. वीस वर्षांपूर्वी."

"चेष्टा नको. पत्रकारांसमोर उद्या ही बोलली तर? निवेदन तयार आहे. प्रकृतीच्या कारणाने यापुढे नवी चित्रं होणार नाहीत. बत्तिसावं नाहीच."

बाहेर बाकावर उना नदीकडे तोंड करून बसली होती. तिने ग्रीरला बसायची खूण केली.

"उद्या तीनला वकील येतोय," ती म्हणाली. "मॅग्नसने कागद केलेत. सही केली की माझ्या नावाचं सगळं तोच ठरवणार. कुठे राहायचं, काय विकायचं. आणि तेरा जूनला मी त्या शेवाळलेल्या उतारावर जायचं की नाही, तेही. तो म्हणतो, पडशील. पडेनही."

"सही करणार तुम्ही?"

"मला माझी रेघ ओळखता येत नसेल, तर मी तिथे बसून करू काय?" तिने ग्रीरच्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता. "तू कागद ओळखतेस. ते चित्र माझंच आहे असं तू सांगितलंस, तर मी सही करीन. पण गोड बोलून फसवू नकोस, पोरी. खरं ते सांग."

तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. ग्रीरच्या हातात साडेअठ्ठावीस तास होते, आणि एकमेकांना खोडणारी दोन विधानं. उना म्हणते, चित्र माझं नाही. सही सांगते, चौकट उघडलेली नाही.

दोन्ही खरं कधी असेल? दुपारपर्यंत तिला एकच उत्तर सापडलं. चित्र बदललं गेलं असेल तर ते चौकटीत शिरण्यापूर्वी. १३ जून ते २ जुलै २००९, या एकोणीस दिवसांत.

तिने अ‍ॅबर्डीनच्या डॉक्टर दांपत्याकडे, चित्राच्या मालकांकडे, चौकट उघडायची लेखी परवानगी मागितली.

३

मॅग्नस इस्बिस्टर बंदराजवळच्या चहाच्या दुकानात दुसरी ब्रायडी, खिमा भरलेली मोठी करंजी, खात होता. वय पंचेचाळीस. स्ट्रोमनेसला तो खेकडे आणि शेवंडं धरायचा. बोलायला मोकळा, चारचौघांत आवडणारा.

"मला गुन्हेगार करू नकोस," तो म्हणाला. "मी त्या बाईला दर रविवारी जेवू घालतो."

"नऊ साली चित्र उतारावरून कोणाच्या हातात गेलं?"

"शोनाच्या. शोना मॅकरी, तेव्हाची मदतनीस. तिनेच नेलं दक्षिणेला, चौकटीसाठी. मी फक्त व्हॅन चालवायचो. पहाटे आत्याला उतारावर सोडायचं, दुपारी आणायचं. आणि त्यातही शिव्या खायच्या!"

"का?"

"वेळेवरून. आत्या म्हणणार सातला ये. तिचे सात म्हणजे जगाचे आठ. माझा बापही तसाच. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बारा महिने ग्रिनिच वेळेचं असतं. मार्चात घड्याळं तासभर पुढे सरकवतात ती सरकारने, समुद्राने नव्हे, असं आमच्या घरात म्हणतात. आत्याने आयुष्यात मनगटी घड्याळ बांधलं नाही."

"आणि तू?"

"मीही कोळ्याचाच पोर. होडीवर ग्रिनिच, घरी बायकोची वेळ." तो हसला, बोटं पुसली आणि मोबाइलवर होडीचा फोटो दाखवला. "हे इंजिन बघ. बर्गनचं. दहा साली बसवलं, एकदाही रुसलं नाही. माणसांपेक्षा बरं."

मग त्याचा चेहरा बदलला. "ग्रीर, उद्या तू काही तिरकं बोललीस आणि ती जूनमध्ये उतारावरून घसरली, तर पाण्यातून तिला बाहेर काढायला मीच जाणार. तू नाही."

तो खोटं बोलत नव्हता.

४

शोना मॅकरी आता डंडीच्या कला महाविद्यालयात शिकवत होती. प्रदर्शनाच्या कॅटलॉगातला मोठा लेख तिचाच. चव्वेचाळीस वर्षांची, बारीक, नीटनेटकी. मनगटावर पुरुषी, मोठ्या तबकडीचं घड्याळ.

"वडिलांचं," ग्रीरची नजर पाहून ती म्हणाली. "नऊ वर्षं हेच धरून मी उनाशेजारी उभी राहिले. दर दहा मिनिटांनी ओरडायचं, 'आता!' अडतीस वेळा. पावसात, गारांत. तेव्हा तिला माझा आवाज आवडायचा, पुढे नाही आवडला."

"फोटो काढायचीस?"

"पुढच्या बाजूचा. प्रत्येक वर्षी."

"आणि मागे ती काय लिहायची?"

"तारीख, ओहोटी-भरतीच्या वेळा, सही. ते ती जाळ्यांच्या शेडमध्ये एकटी बसून लिहायची. मी बाहेर सामान आवरत असायची." शोनाने पेन्सिलींचा डबा उगीच सरळ केला. "ग्रीर, तिचं वय झालंय. सगळ्यांनाच कधीतरी… तू हे सोडून दे ना. तिच्यासाठीच."

"तिच्यासाठीच धरून ठेवलंय."

ग्रीर दारात पोचली तेव्हा मागून आवाज आला. "चौकट उघडणार आहेस?"

"उद्या सकाळी."

डबा शोनाच्या हातून खाली पडला.

५

शुक्रवारी नऊ वाजता परवानगी आली. नऊ वीसला ग्रीरने पट्टी कापली. कारगिल शेजारी हाताची घडी घालून उभा होता.

कागद उनाच्याच जातीचा, त्याच गिरणीचा. मागे पेन्सिलीने, उनाच्या वळणाचं अक्षर:

१३ जून २००९. स्ट्रोमनेस. ओहोटी ८.२४. भरती १४.३६. उ. इ.

"अक्षर तिचं, सही तिची," कारगिल म्हणाला. "मी निवेदन धाडतो."

"दुपारपर्यंत थांब."

"कशासाठी?"

"मी म्हणते म्हणून."

उरलेली तीस चित्रं या प्रदर्शनासाठी नव्या चौकटींत बसवताना ग्रीरने त्यांच्या पाठीवरच्या नोंदी कामाच्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. तिने स्ट्रोमनेसच्या बंदर कचेरीला फोन लावला. तिथल्या बाईंनी जुनी कोष्टकं काढली आणि तिने सांगितलेल्या तारखा एकेक करून वाचल्या. चौऱ्याण्णव जुळलं. दोन हजार एक जुळलं. दोन हजार चोवीस मिनिटासकट जुळलं. तीसही चित्रांवरच्या वेळा ग्रिनिचच्या होत्या.

"आणि दोन हजार नऊ?"

"ओहोटी सात चोवीस," बाई म्हणाल्या. "भरती तेरा छत्तीस."

ग्रीरने पेन्सिल खाली ठेवली. मिनिटं तंतोतंत बरोबर होती. चूक होती ती फक्त एका तासाची.

६

दुपारी एकला तिने शोनाला बोलावलं. टेबलावर चित्र पालथं ठेवलं होतं.

"बस," ग्रीर म्हणाली. "मला आधी वाटलं, हे बाहेरच्या कोणीतरी केलं. मग लक्षात आलं, बाहेरचा माणूस कोष्टक उघडून वेळ उतरवतो. त्याने ग्रिनिचचीच वेळ लिहिली असती, आणि नकळत बरोबर लिहिली असती. मॅग्नसने तर झोपेतही ग्रिनिच लिहिलं असतं. उनाला दुसरी वेळ माहीतच नाही. इथे घड्याळाची वेळ आहे, आणि तीही मिनिटासकट. ही चूक करायला त्या सकाळी उतारावर हजर असावं लागतं. हातात घड्याळ धरून."

शोनाने मनगटावर दुसरा हात ठेवला.

"आठ चोवीस," ती म्हणाली. "मी पहिल्यांदा ओरडले तेव्हा आठ चोवीस झाले होते. विसरणं शक्यच नव्हतं."

"काय झालं?"

"चहा. शेडमध्ये, त्याच दुपारी. उना घरी जाऊन झोपली होती. मी चित्र गुंडाळायला घेतलं आणि थर्मास कलंडला. डावा कोपरा पार गेला." तिचा आवाज कोरडा होता. "मी अठ्ठावीस वर्षांची होते. तिने आदल्या वर्षी एका मुलीला नुसतं बोट लागलं म्हणून हाकललं होतं. आणि चित्र बाद म्हणजे वर्ष बाद. तेरा जून एकदाच येतो. तिची अखंड माळ माझ्या हातून तुटली असती. मी फोटो मोठा केला, इथल्या पर्थला आईच्या स्वयंपाकघरात बसून आठ दिवस रेघा काढल्या. बाविसाव्या रेघेला तीन दिवस लागले."

"हात कोरडा होता."

"काय?"

"उना म्हणाली. मूळ चित्र कुठंय?"

"जाळलं."

"तू?"

शोनाने पहिल्यांदा वर पाहिलं. "नाही. मॅग्नसने. तो तेवढ्यात व्हॅन घेऊन आला होता. म्हणाला, रडू नकोस, दे इकडे, स्टोव्हमध्ये घालतो, आत्याला कळायला नको. चांगुलपणाच केला त्याने. चित्राची पाठ मी पाहिलीच नव्हती, म्हणून तर…" ती थांबली. "का? तू अशी का बघतेस?"

ग्रीरच्या डोळ्यांसमोर मॅग्नसचा मोबाइल होता. बर्गनचं इंजिन. दहा साली बसवलेलं. आणि कारगिलचा विनोद: बर्गनची एक बाई लिहिते, तुमची यादी चुकलीय.

७

तीनला पाच मिनिटं कमी असताना वकील आला. कारगिलच्या खोलीत उना, तिच्या डाव्या हाताला मॅग्नस, समोर कागद. उनाच्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं.

"बोल," ती ग्रीरला म्हणाली.

"चित्र तुमचं नाही. तुमचं बरोबर होतं."

शोना दारात उभी होती. तिने सगळं स्वतःच सांगितलं, भिंतीला टेकून, एका दमात. शोना चहापर्यंत आली तेव्हा उनाने डोळे मिटले, रडण्यापर्यंत आली तेव्हा उघडले.

"सोळा वर्षं," उना म्हणाली. "मूर्ख मुली, मला सांगायचंस. मी ओरडले असते आणि चहाच्या डागासकट टांगलं असतं."

मग ती भाच्याकडे वळली. "आणि तू जाळलंस?"

"हो, आत्या."

"काल सकाळी मी सोळाव्यासमोर उभी होते. माझं म्हणणं खरं आहे हे तिथे फक्त तुला माहीत होतं. आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास."

मॅग्नसचा चेहरा लाल झाला. "मी शोनाला वाचवत होतो. शब्द दिला होता. आणि उताराचं म्हणशील तर ते आजही म्हणतो. त्या शेवाळावर तू मरशील."

"स्टोव्हमध्ये घातलंस? स्वतः? जळताना पाहिलंस?"

मॅग्नसने खुर्ची मागे सरकवली. "जरा बाहेर जाऊन येतो," तो म्हणाला. "इथे गुदमरतंय."

उनाने पेनाला टोपण लावलं. तो बारीक टक आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

मॅग्नस परतला नाही. सव्वातीनला त्याची व्हॅन मागच्या गल्लीतून निघाली. फोन बंद.

ग्रीर कारगिलकडे वळली. "बर्गनची चिठ्ठी काढ."

"कुठली? अगं, वेड्यांची पत्रं मी एका…"

"फिनले, काढ."

पत्र सहा मेचं होतं, 'किरकोळ' नावाच्या फोल्डरमध्ये. लिहिणारी बाई विधवा. नवऱ्याचा होड्या आणि इंजिनं दुरुस्त करायचा कारखाना होता. २०१० साली तो एक चित्र घरी घेऊन आला, तेव्हापासून ते जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगलेलं आहे. तुमच्या यादीतलं सोळावं म्हणून जे छापलंय, ते माझ्याकडे आहे. कृपया खुलासा करावा. कारगिलने ते पुरतं वाचलंच नव्हतं. आता वाचताना त्याचे कान तापले. प्रकृतीच्या कारणांचं निवेदन त्याने टोपलीत टाकलं, कोणी न सांगता.

ग्रीरने बर्गनला लिहिलं: कृपया दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. पाठीचा नक्की.

सहाला दारं उघडली. लोक आत आले, ग्लासं हातात घेतली, आणि रिकाम्या सोळाव्या खिळ्यासमोर घोळका जमला. सहा दहाला ग्रीरच्या फोनवर दोन फोटो आले. ती उनाला कोपऱ्यात घेऊन गेली.

पाठीवर पेन्सिल: ओहोटी ७.२४. भरती १३.३६.

पुढच्या बाजूला अडतीस रेघा. डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा तपकिरी डाग. उनाने डागाकडे पाहिलंही नाही. दोन बोटांनी बाविसावी रेघ मोठी केली. तिथे शिसं फुटलं होतं, कागदाचे तंतू फुगले होते, आणि रेघेच्या शेवटी ओल्या अंगठ्याचा अर्धवट ठसा होता.

"हा बघ माझा हात," ती म्हणाली. फोन तिने बराच वेळ परत दिला नाही. मग विचारलं, "यंदा तेराला ओहोटी कधी आहे?"

"बघून सांगते. कुठली वेळ सांगू?"

"एकच वेळ असते, पोरी."

शनिवार दुपारपर्यंत हाती आलेली माहिती एवढी आहे. बर्गनच्या बाईकडे २०१० ची पावती आहे. चित्र कोणी आणि कशाच्या बदल्यात दिलं ते त्यावर लिहिलेलं आहे, पण ते नाव ती पोलिसांनाच सांगणार आहे. पोलिसांचा फोन तिला अजून गेलेला नाही. शोनाने लेखी जबाब दिला आहे. वकिलाचा कागद उनाच्या पिशवीत आहे, सहीविना.

आणि स्ट्रोमनेसच्या बंदर कचेरीतल्या बाईंनी ग्रीरला आपण होऊन फोन केला. मॅग्नस इस्बिस्टरची होडी आज सकाळी धक्का सोडून गेली. नोंदवहीत निघाल्याची वेळ ९.५५ आहे, म्हणजे डंडीच्या घड्याळात अकराला पाच कमी. कुठे जाणार हा रकाना कोरा आहे.